चारच्या चहानंतर नेट जातं तेव्हा...

दुपारचे चार वाजले की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी हमखास व्हायच्या. एक, सगळी जनता खालच्या टपरीवर चहा प्यायला जायची. दोन, वर येईपर्यंत नेट गेलेलं असायचं!

बरं, गेलेलं म्हणजे पूर्ण गेलेलं नाही. तसं असतं तर निदान सगळ्यांनी मिळून बोंब मारली असती. इथे निम्म्यांचं चालू, निम्म्यांचं बंद. वायफायची खूण दिसतेय, ‘कनेक्टेड’ असं लिहून येतंय, पण एक पान उघडेल तर शपथ. शेजारचा मात्र मजेत व्हिडिओ कॉलवर. डोक्याला नुसता शॉट!

‘आमचं ऑफिस’ म्हणजे पुण्यात कर्वे रोडच्या आतल्या गल्लीतला एक मजला. शेअर्ड ऑफिस. एक आर्किटेक्ट फर्म, सीएची आर्टिकलशिप करणारी चार पोरं, रिक्रूटमेंटवाल्या दोघी, एक ॲनिमेशनवाला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मी. सगळी मिळून सव्वीस माणसं. जागेचे मालक म्हणजे सर. ते आधी आयटीत होते, आता जागा भाड्याने देतात. आणि या सगळ्या नेटवर्कची काळजी घ्यायला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. डिप्लोमा करून सोलापूरहून आलेला. त्याला सगळे ‘नेटवाला’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

मागच्या महिन्यात एका सोमवारी माझी एक मुलाखत फोनवर रेकॉर्ड होता होता तुटली. समोरचा माणूस तीन आठवडे मागे लागून मिळालेला. परत फोन लावला तर साहेब मीटिंगमध्ये. माझं टाळकं सरकलं आणि मी सरांना एक सणसणीत मेल ठोकला. मास कॉमची डिग्री अशा वेळी कामी येते. ‘रोज ठरावीक वेळी बिघाड होतो याचा अर्थ कुणीतरी काहीतरी करतंय,’ हे वाक्य मीच लिहिलं होतं. सीसीमध्ये सगळा मजला.

गुरुवारी कळलं की सरांनी नेटवाल्याचा अर्धा पगार थांबवलाय. महिनाअखेरपर्यंत प्रॉब्लेम सुटला नाही, तर दुसरा माणूस बघू, असंही सांगितलंय. त्याच्यावर संशय हा, की तो चार वाजता सर्व्हर रूममध्ये (म्हणजे पॅन्ट्रीशेजारचं कपाट!) जाऊन काहीतरी खुडबुड करतो. तो खरंच जायचा. नेट जातं म्हणून जायचा, की तो गेल्यामुळे नेट जायचं, हे कोण विचारणार?

मला जरा चुकल्यासारखं झालं. पण जराच. नेट तर जातच होतं ना?

लाख-दोन लाखांचं औषध

सरांनी एका केबलिंगवाल्याला बोलावलं. तो आला, त्याने खिशातून दोन तुकड्यांचा एक छोटा टेस्टर काढला, एक तुकडा केबलच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. एक ते आठ हिरवे दिवे ओळीने लागले. ‘केबल ओके.’ असं पाच-सहा ठिकाणी झालं. मग तो म्हणाला, ‘सर, केबल ओके आहेत, पण जुन्या आहेत. सगळं नवीन टाका.’ कोटेशन एक लाख ऐंशी हजार! जी गोष्ट ओके आहे ती का बदलायची, हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

सर हुशार. ते म्हणाले, एक लाख ऐंशीपेक्षा आपणच एक चांगलं मशीन घेऊ. त्यांनी रात्रभर व्हिडिओ बघितले होते. हातात धरायचं, टचस्क्रीनवालं, केबल खुपसली की सगळं सांगणारं. ‘हे लावलं की प्रॉब्लेम स्क्रीनवर येतो,’ सर म्हणाले. सोनोग्राफीसारखं. त्यांनी वीस हजारांपर्यंत खर्च करायची तयारी दाखवली आणि नेटवाल्याला विचारलं, कुठलं घेऊ?

त्याने उत्तर दिलं नाही. खिशातून एक छोटी वही काढली. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी. त्यात तारीख, वेळ, कुणाचा कॉम्प्युटर, आणि शेवटच्या रकान्यात आकडे. तीन आठवड्यांची नोंद!

‘सर, मशीन कुठलं ते नंतर. आधी एक बघा,’ तो म्हणाला. ‘जे चहाला जात नाहीत त्यांचं नेट जात नाही.’

आम्ही सगळे गप्प. खरंच की! आर्किटेक्ट फर्ममधल्या एक मॅडम ग्रीन टीवाल्या आहेत, त्या खाली येतच नाहीत. त्यांचं नेट एकदाही गेलं नव्हतं. चहाला जाणारे लॅपटॉपचं झाकण पाडून जातात. वर आलं की उघडतात. उघडला की लॅपटॉप पुन्हा नेटवर्कशी हातमिळवणी करतो आणि नेमका तिथेच काहीतरी घोळ होत होता.

हा मुलगा तीन आठवडे वहीत लिहीत होता आणि आम्ही त्याला ‘अरे, काय करतोयस काय?’ एवढंच विचारत होतो.

फुकटातलं आधी

त्या दिवशी मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, मला समजावून सांग, मी लिहीन. (लिहिण्याच्या नावाखाली आम्ही पत्रकार लोक कुठेही घुसतो.) तो म्हणाला, ‘ताई, टूल विकत घ्यायच्या आधी जे कॉम्प्युटरमध्ये आहे ते तरी वापरू.’

आपल्या प्रत्येकाच्या विंडोज मशीनमध्ये काळ्या खिडकीत चालणाऱ्या तीन-चार कमांड फुकट पडून असतात. सगळ्यात प्रसिद्ध पिंग. समोरच्या मशीनला ‘ओ’ अशी हाक मारायची, तिकडून ‘ओ’ आली की ते जिवंत आहे. यायला किती मिलिसेकंद लागले तेही कळतं. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ च्या डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी हा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीच्या सोनारचा जो आवाज, त्यावरून नाव ठेवलं पिंग. या म्यूसने पुढे एक गंमत लिहून ठेवलीय. एका पठ्ठ्याच्या ऑफिसात नेटवर्क मधूनमधून तुटायचं. त्याने कॉम्प्युटरला असं शिकवलं, की प्रत्येक उत्तराला मोठ्याने ‘पिंग’ असं बोल. मग आवाज फुल करून तो बिल्डिंगभर केबली हलवत फिरला. जिथे आवाज थांबला तिथला जोड खराब! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी कमांड आयपीकॉन्फिग. ती तुमच्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता सांगते. यात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं, की मशीनला पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही, बिचाऱ्याने स्वतःच एक लावून घेतला. अशा वेळी इंटरनेट कंपनीला फोन करून अर्धा तास गाणी ऐकण्यात काहीच अर्थ नाही, भानगड तुमच्याच भिंतीच्या आत आहे.

नेटवाल्याच्या वहीतल्या शेवटच्या रकान्यात हेच पत्ते होते. आमच्या ऑफिसातल्या मशीनचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. पण ज्यांचं नेट गेलं त्यांचे १९२.१६८.० ने. एका आकड्याचा फरक! मी तरी आयुष्यात कधी बघितला नसता.

‘ताई, आपल्याकडे पत्ते वाटणारे दोघं झालेत,’ तो म्हणाला.

हे मला त्याने लग्नाच्या कार्यालयावरून समजावलं. मी तसंच सांगते. वऱ्हाड आलं की दारात एक मामा बसलेले असतात. ‘तुम्ही खोली नंबर सात, जेवण गच्चीवर, गाडी मागच्या गेटने काढा.’ नेटवर्कमध्ये हे काम करतो डीएचसीपी सर्व्हर. आता समजा, दारात दुसरेच एक मामा येऊन बसले, ज्यांच्याकडे शेजारच्या बंद कार्यालयाच्या खोल्यांची यादी आहे. पाहुणा आला की दोघंही ओरडणार. ज्याचा आवाज आधी कानावर पडला त्याचं पाहुणा ऐकणार. निम्मे पाहुणे बरोबर खोलीत, निम्मे बंद कार्यालयाच्या दारात सामान घेऊन उभे. आणि जे सकाळपासून खोलीत बसलेत (ग्रीन टीवाल्या मॅडम!) त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

खात्री करायला त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर वायरशार्क लावलं. हे सॉफ्टवेअर तारेतून जाणारं एकेक पाकीट उघडून दाखवतं. जेराल्ड कोम्ब्सने १९९८ मध्ये ते ‘इथेरियल’ नावाने आणलं, २००६ मध्ये नावाच्या हक्काच्या भानगडीमुळे त्याचं वायरशार्क झालं. पूर्णपणे मोफत. मला वाटलं, वा, आता सगळ्या ऑफिसचे मेल वाचता येणार! पत्रकाराचं स्वप्न. तर पोपट झाला. एक तर आता जवळपास सगळंच कुलूप लावून जातं, आत काय आहे ते दिसत नाही. आणि दुसरं म्हणजे स्विच प्रत्येकाचं टपाल त्याच्याच दारात टाकतो. त्यामुळे आपल्या लॅपटॉपवर आपलं स्वतःचं आणि सगळ्यांना उद्देशून ओरडलेलं एवढंच दिसतं. दुसऱ्याचं बघायचं तर भारीतला स्विच लागतो, ज्यात एका पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढता येते. आणि मालकाची परवानगीही लागते, हे तो दोनदा म्हणाला.

पण आम्हाला हवं होतं ते दिसलं. त्याने लॅपटॉपचा पत्ता सोडून दिला, नवा मागितला आणि स्क्रीनवर दोन ओळी आल्या. दोन मामा, दोन ऑफर. एक आमच्या राउटरकडून, दुसरी १९२.१६८.०.१ अशा कुणा अनोळखी पाहुण्याकडून.

सर म्हणाले, ‘कुणीतरी घुसलंय! हॅकर?’

‘हॅकर चहाच्या वेळेला येत नाहीत सर,’ नेटवाला म्हणाला. पहिल्यांदाच तो सरांसमोर हसला.

टूंऽऽ टूंऽऽ

आता तो अनोळखी पाहुणा शोधायचा कुठे? मॅनेज्ड स्विच असता तर पाच मिनिटांचं काम. प्रत्येक मशीनला कारखान्यातून एक नंबर मिळतो, मॅक ॲड्रेस. त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ते कुठल्या कंपनीने बनवलं तेही कळतं. मॅनेज्ड स्विचला विचारायचं, हा नंबर तुझ्या कुठल्या पोर्टवर आहे रे? तो सांगतो. आमचा स्विच अडाणी. चोवीस भोकं आणि चोवीस लुकलुकणारे दिवे, बाकी तोंडातून शब्द नाही. स्वस्त पडला म्हणून सरांनीच घेतलेला.

मग अडाणी स्विचसाठी अडाणी उपाय. संध्याकाळी साडेसातला ऑफिस रिकामं झाल्यावर त्याने आपला लॅपटॉप थेट स्विचला जोडला, त्याला मुद्दाम चुकीच्या मामांकडून पत्ता घ्यायला लावला आणि १९२.१६८.०.१ ला न थांबता पिंग सुरू केलं. स्क्रीनवर उत्तरांची रांग. मग कपाटात शिरून एकेक केबल काढायची, दोन सेकंद थांबायचं, परत लावायची. म्यूसच्या गोष्टीतल्या पठ्ठ्यासारखंच. मी स्क्रीन बघून ओरडत होते, ‘चालू... चालू... चालू...’ मजा येत होती राव!

चौदावी केबल काढली आणि उत्तरं थांबली.

चौदाच्या केबलवर चिकटपट्टी होती, ‘प्रिंटर’. प्रिंटर दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे गेलाय. आता ही केबल भिंतीतून कुठे जाते ते कुणालाच माहीत नाही. इथे त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलेलं एक खेळणं काढलं. टोनर. याचे दोन भाग. एक भाग केबलच्या टोकाला लावायचा, तो तारेत एक आवाज सोडतो. दुसरा भाग जाडजूड पेनसारखा. तो हातात घेऊन भिंतीजवळून फिरायचं. ती केबल जवळ आली की पेन वाजायला लागतं, टूंऽऽ टूंऽऽ.

तो फिरायला लागला. आर्किटेक्टकडे, काहीच नाही. सीएच्या पोरांकडे, एकदम बारीक. रिक्रूटमेंटच्या खिडकीपाशी जरा मोठा. मी मागे मागे, फोनवर व्हिडिओ घेत. शोले बघतोय असं वातावरण. आवाज वाढत वाढत कोपऱ्याकडे आला. माझ्या टेबलाकडे. माझ्या टेबलाखाली.

तिथे माझा जुना राउटर होता.

माझा! घरी नवीन कनेक्शन घेतल्यावर उरलेला. कोपऱ्यात वायफाय नीट येत नाही म्हणून मागच्या महिन्यात मी तो आणला, खाली भिंतीतल्या सॉकेटमध्ये जोडला आणि खूश झाले. रेंज मस्त! मी दुपारी साडेतीनला येते, आल्यावर तो चालू करते, जाताना बंद करते. पण केबल लावताना मी ती निळ्या भोकाऐवजी पिवळ्यात लावली होती, कारण निळ्यात लावल्यावर तो काहीतरी सेटिंग विचारत होता. निळ्यात लावली असती तर माझा राउटर त्याचे पत्ते फक्त माझ्यापुरते वाटत बसला असता. पिवळ्यात लावल्यामुळे तो अख्ख्या मजल्याचा दुसरा मामा झाला. माझं स्वतःचं नेटही त्याच्यामुळेच जायचं. म्हणजे ती मुलाखत मीच तोडली होती. आणि मेलही मीच लिहिला होता. ‘कुणीतरी काहीतरी करतंय.’ करत होतं ना!

नेटवाल्याने पेन बंद केलं. मला वाटलं आता हसेल, नाहीतर चिडेल. तो म्हणाला, ‘ताई, मंगळवारी तुम्ही फील्डवर होता. त्या दिवशी वहीत एकही तक्रार नाही. मला वाटलंच होतं. पण दाखवल्याशिवाय कसं म्हणणार?’

म्हणजे त्याला अंदाज होता. ज्या बाईने अख्ख्या मजल्यासमोर त्याचं नाव न घेता त्याला चोर ठरवलं, तिला पुराव्याशिवाय बोट दाखवायला तो तयार नव्हता. मी माझ्या धंद्यात हे नेहमी पाळते असं मला वाटायचं.

घरी जाऊन सरांना दुसरा मेल लिहिला. सीसीमध्ये पुन्हा सगळा मजला. पहिला लिहायला दहा मिनिटं लागली होती, हा लिहायला दीड तास लागला. शेवटी तीनच वाक्यं उरली. राउटर माझा होता, चूक माझी होती, त्याचा पगार आजच्या आज द्या.

सरांनी दिला. पण दुसऱ्या दिवशी, आणि ‘बघू’ म्हणून.

मग वीस हजारांचं काय?

सरांनी बजेट तर काढलेलं होतं. टचस्क्रीनचा मोह सुटत नव्हता. नेटवाल्याचं म्हणणं असं, की आधी हे ठरवा, आपल्याला प्रश्न कुठला पडतो. मी टिपून घेतलंय, कारण तुमच्याही ऑफिसात कुणीतरी सर असतीलच.

केबलचे टेस्टर तीन प्रकारचे. केबलिंगवाल्याने आणला होता तो सगळ्यात खालचा, काही शेकड्यांत मिळतो. तो एवढंच सांगतो की आठही तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचल्यात. त्याच्या वरचा, ही केबल गिगाबिट वेगाला चालेल का ते सांगतो. आणि सगळ्यात वरचा सर्टिफायर. तो प्रत्येक केबल आंतरराष्ट्रीय मानकाला लावून मोजतो आणि छापील रिपोर्ट देतो. किंमत लाखांत. नवीन ऑफिसचं केबलिंग करून घेताना काँट्रॅक्टरकडून हा रिपोर्ट मागायचाच, कारण केबल कंपनीची वॉरंटी बऱ्याचदा त्यावर असते. पण सव्वीस माणसांच्या मजल्याने सर्टिफायर विकत घेणं म्हणजे ताप बघायला एमआरआय मशीन आणण्यातला प्रकार.

आता त्या हिरव्या दिव्यांची गंमत. आमच्याकडे तीन टेबलांवर मोठी फाइल कॉपी व्हायला जन्म लागायचा. ही तक्रार चारच्या भुताच्या गडबडीत मागेच पडली होती. नेटवाल्याने आयपर्फ नावाचं आणखी एक फुकट सॉफ्टवेअर दोन मशीनवर लावून वेग मोजला. धडधाकट गिगाबिट लाइनवर त्यात सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास येतात. लाइन शंभरावर घसरली असेल तर ९४ च्या आसपास. या तीन टेबलांवर कधी ९०, कधी ४०, कधी नुसतंच लटकलेलं. आणि केबलिंगवाल्याच्या टेस्टरवर? आठही दिवे हिरवे!

कारण असं, की केबलमधल्या आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. तो पीळ शोभेचा नाही, बाहेरचा आणि आपापसातला गोंगाट त्याने मारला जातो. जोडणी करताना तीन आणि सहा नंबरच्या पिनला एकाच जोडीतल्या तारा जायला हव्यात. म्हणून रंगांचा क्रम नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी असा विचित्र वाटणारा असतो. कुणीतरी त्या तीन केबलींना सरळ ओळीत लावलं होतं. हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी. दिसायला जास्त नीटनेटकं! दोन्ही टोकांना सारखंच, म्हणून तार पोहोचते, दिवा लागतो. पण तीन-सहाची जोडी फुटलेली, पीळ वाया. याला स्प्लिट पेअर म्हणतात आणि स्वस्तातल्या टेस्टरला ते ओळखताच येत नाही. केबल घेताना आपण मीटरवर भाव करतो, ती टोचणाऱ्याला रंग माहीत आहेत का ते विचारत नाही.

नेटवाल्याने सहा नवे कनेक्टर टोचले. एक लाख ऐंशी हजारांतला हा भाग शंभर रुपयांच्या आत सुटला. आता तिन्ही टेबलांवर ९४० च्या आसपास येतात, अॅनिमेशनवाला मला चहा पाजतो. (मी काहीच केलेलं नाही. पण चहा मी पिते.)

तर यादी शेवटी अशी झाली. स्प्लिट पेअर ओळखणारा आणि टोनर जोडीला असणारा एक टेस्टर. बरा क्रिम्पर आणि कनेक्टरचं पाकीट. बजेटचा सगळ्यात मोठा घास गेला चोवीस पोर्टच्या मॅनेज्ड स्विचला. स्विच हे डायग्नॉस्टिक टूल कसं, असं सरांनी विचारलंच. तर हा स्विच प्रत्येक पोर्टवर किती पाकिटं फाटकी आली ते मोजत बसतो. ज्या पोर्टचा आकडा रोज वाढतो, तिथली केबल संशयित, बिल्डिंगभर फिरायची गरज नाही. कुणी चुकून एका केबलची दोन्ही टोकं भिंतीत खोचली आणि एकच पाकीट गरागरा फिरत सगळ्यांना बुडवायला लागलं, तर तो ते ओळखून पोर्ट बंद करतो. आणि त्यात डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय आहे. पत्ते वाटायचा हक्क एकाच पोर्टला, बाकी कुणी मामा झाला तर त्याचं तोंड तिथल्या तिथे बंद. ही सोय दाखवताना नेटवाला माझ्याकडे बघत नव्हता, म्हणजे मुद्दाम बघत नव्हता.

वायफायसाठी काहीच विकत घेतलं नाही. अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझरची ॲप्स फुकट असतात. त्यात सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० म्हणजे झकास, उणे ८० म्हणजे देवाचं नाव घ्या. माझ्या कोपऱ्यात उणे ८१ होता. शिवाय आजूबाजूच्या तीन ऑफिसांचे राउटर आमच्याच चॅनेलवर बसून कलकलाट करत होते. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमचा चॅनेल बदलला, कोपरा थोडा सुधारला. थोडाच.

सरांनी टचस्क्रीनवाल्याचं पान अजून बुकमार्क करून ठेवलंय. असो.

परवा मी साडेतीनला आले तर माझ्या टेबलाखाली पुन्हा राउटर! पोटात गोळाच आला. मीच तो काढून घरी न्यायला पिशवीत भरला होता. नेटवाला आला, खाली वाकून दिवे बघितले.

‘ताई, याचं पत्ते वाटणं बंद केलंय. आता नुसता ॲक्सेस पॉइंट आहे. केबल पिवळ्यातच राहू द्या, आता तिथेच बरोबर आहे. चिकटपट्टीपण बदललीय.’

कपाटात जाऊन बघितलं. चौदा नंबरवर ‘प्रिंटर’ खोडून त्याने निळ्या पेनने लिहिलं होतं, ‘ताईंचा राउटर’. खाली तारीख.